गॅरेज रिकामं करायचंय? आधी बाहेरच्या वाटा ठरवा

जुन्या बंगल्याचं गॅरेज आवरायला घेतलं की बहुतेक घरं एकाच ठिकाणी अडकतात. रविवारी सकाळी सगळे मिळून सामान अंगणात काढतात. अकरापर्यंत हसणं-खिदळणं, जुने अल्बम, "अगं हे बघ काय सापडलं". दोन वाजता जेवण आणि डुलकी. चार वाजता कळतं की भंगारवाला रविवारी येत नाही, ई-कचऱ्याचं केंद्र बंद आहे आणि टीव्ही कुणालाच नकोय. अंधार पडायच्या आत निम्मं सामान पुन्हा आत जातं, या वेळी आणखी दाटीवाटीनं. मोटार रस्त्यावर होती ती रस्त्यावरच राहते.

आमच्या पुण्यातल्या घरी हे दोनदा झालं. तिसऱ्या वेळी क्रम उलटा केला. वस्तू कुठे जाणार ते आधी पक्कं केलं आणि मगच कुलूप उघडलं. तोच क्रम खाली देतोय. स्टिल्ट पार्किंगमधली बंदिस्त खोली, वाड्यातली अडगळ किंवा माळा यांनाही तो चालतो.

१. तारीख आणि निर्णय घेणारं माणूस

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस टाळा. तेव्हा टेम्पो, हमाल, भंगारवाला, सगळ्यांनाच मागणी असते आणि तुम्ही घाईत मिळेल त्या भावाला माल देता. जून ते सप्टेंबर तर नकोच, कारण अंगणात काढलेलं भिजतं. जानेवारी ते मार्च उत्तम. एका मोटारीच्या गॅरेजला तीन माणसं आणि दोन पूर्ण दिवस लागतात. त्यातला एक दिवस शनिवार किंवा कामाचा वार असू द्या, म्हणजे दुकानं आणि केंद्रं उघडी असतील.

"हे ठेवायचं की नाही" यावर शेवटचा शब्द एकाचाच असायला हवा. तीन भावंडांच्या सामाईक घरात हे फार जड जातं. म्हणून आठवडाभर आधी गॅरेजचे फोटो काढून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाका आणि लिहा: ज्याला जे हवं त्यानं अमुक तारखेपर्यंत सांगावं आणि अमुक तारखेपर्यंत न्यावं. दुसरी तारीख विसरू नका. "मला हवंय, पण तुमच्याकडेच राहू दे" हे उत्तर अमेरिकेतूनही येतं आणि पलीकडच्या गल्लीतूनही.

आई-वडील हयात असतील आणि सामान त्यांचं असेल, तर शब्दही त्यांचाच. ते गावाला गेल्यावर गुपचूप आवरण्याची कल्पना सुचली असेल तर ती सोडून द्या. हरवलेली एक वस्तू पुढची दहा वर्षं जेवणाच्या ताटावर येते.

२. बाहेरच्या वाटा

उपसा सुरू करण्याच्या आदल्या आठवड्यात फोन करून एका कागदावर हे लिहून काढा:

– भंगारवाला: कोण, कोणत्या वेळी, काय घेणार नाही
– ई-कचरा: जवळचं संकलन केंद्र, त्याचे वार आणि वेळ
– लाकूड, गाद्या, फर्निचर: महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय किंवा टेम्पो
– देण्याजोग्या वस्तू: घेणाऱ्या माणसाचं किंवा संस्थेचं नाव
– घातक वस्तू: रंग, ॲसिड, कीटकनाशकं, दिव्यांच्या ट्यूबा

पुण्यात "स्वच्छ" ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. तिच्या प्रतिनिधी रोज दारावर येतात. मोठ्या वस्तू आणि ई-कचऱ्याचं काय करायचं हे आधी त्यांनाच विचारा. वस्तीतलं कोण काय घेतं ते त्यांना कार्यालयापेक्षा जास्त ठाऊक असतं. मात्र रोजच्या कचऱ्याच्या गाडीवर अचानक गादी आणि मोडका सोफा लादू नका. जास्तीच्या कामाचे पैसे आधी ठरवा.

देणगीबाबत एक गोष्ट कडवट वाटेल, पण सांगतो. संस्थेला फोन करून "काय लागतं" असं विचारा. "आमच्याकडे हे आहे, घेऊन जा" असं म्हणू नका. चेन तुटलेली बॅग, एका पायाचा स्टँड, १९९५ च्या अभ्यासक्रमाची गाईडं कुणालाच नको असतात. त्यांच्या दारात ती टाकली की ती फेकण्याचा खर्च तेवढा त्यांच्या गळ्यात पडतो.

तपासा: कागदावरच्या प्रत्येक ओळीपुढे माणूस आणि वार आहे का? एकही ओळ रिकामी असेल तर तारीख पुढे ढकला.

३. अंगावरची तयारी

पायात बंद बूट, हातात जाड मोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, एन-९५ मास्क. मदतीला बोलावलेल्या माणसांनाही हेच सगळं द्या. त्यांनी "नको साहेब" म्हटलं तरी द्या. मजुरी सकाळीच बोलून घ्या.

याशिवाय पोती, जाड मार्कर, सुतळी, लोहचुंबक, सामान तोलायचा हुकाचा काटा, टॉर्च, ब्लीच, फवाऱ्याची बाटली आणि प्रथमोपचाराची पेटी.

सावध: दार उघडल्यावर दहा मिनिटं बाहेरच थांबा. हवा खेळू द्या आणि काठीनं दोन-चार ठिकाणी आवाज करा. विटा, कौलं, पोती यांच्याखाली विंचू असतो. बाग असलेल्या बंगल्यात उंदरांमागून साप येतो. टॉर्च मारल्याशिवाय फटीत हात घालायचा नाही. साप दिसला तर मागे सरा, त्याच्यावर लांबून नजर ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकाला फोन करा. काठी घेऊन शूरपणा नको.

उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर कोरडा झाडू मारू नका. धूळ उडून नाकात जाते. एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असं मिश्रण फवारा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि ओल्या कापडानं पुसून घ्या. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो, त्यामुळे हाताला चीर असेल त्यानं हे काम करायचं नाही. ब्लीच फवारलं तिथे ॲसिड किंवा दुसरं कोणतंही क्लिनर वापरू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

४. उपसा

दारापासून आत जा, आणि प्रत्येक टप्प्यात वरून खाली. फळीवरचं काढण्याआधी खालचं ओढलं की वरचं डोक्यात येतं. एका वेळी साधारण चार फुटांचा पट्टा घ्या. तो पूर्ण उपसून वाटण्या झाल्यावरच पुढचा.

पहिल्यांदा चूक इथेच होते: सगळं एकदम बाहेर काढणं. चित्रात ते छान दिसतं. प्रत्यक्षात संध्याकाळी अंगणात तीनशे वस्तू असतात आणि निर्णय झालेले असतात चाळीस.

ढीग पाचच: ठेवायचं, द्यायचं, भंगार, घातक, आणि "बघू". "बघू"ला एकच खोका, तोही ठरावीक मापाचा. आमच्याकडे आंब्याची पेटी होती. ती भरली की नवी वस्तू घालायला जुनी काढावी लागते. या पेटीवर आजची आणि सहा महिन्यांनंतरची, अशा दोन्ही तारखा लिहा.

उघडताना बंद डबे, सुटकेसी, जुन्या पर्सा, कोटांचे खिसे, पुस्तकांची पानं चाळल्याशिवाय काही पुढे जाऊ देऊ नका. आजीच्या पिढीनं पैसे आणि दागिने कुठे ठेवले ते सांगायला आजी नसते. जुन्या ५०० आणि १००० च्या नोटा सापडल्या तर आता बँकेत बदलून मिळणार नाहीत. आणि २०१७ च्या कायद्यानुसार अशा नोटा एकूण दहापेक्षा जास्त जवळ ठेवणं दंडनीय आहे (अभ्यास, संशोधन, नाणेसंग्रह यांच्यासाठी पंचवीसपर्यंत सूट). पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणीही ३० जून २०११ पासून चलनात नाहीत. ती मुलांना खेळायला.

५. कागद: इथे वेळ द्या

रद्दी किलोवर जाते, म्हणून कागद सगळ्यात आधी आणि सगळ्यात बेफिकिरीनं बाहेर जातो. मी म्हणेन, दुसऱ्या दिवसाची पूर्ण सकाळ कागदांना द्या. खुर्चीवर बसून, पंखा बंद ठेवून.

बाजूला काढायचे कागद:

जमिनीचे आणि घराचे. खरेदीखत, सातबारा, फेरफार, मोजणीचे नकाशे, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जुन्या मालमत्ताकराच्या पावत्या.

पैशाचे. विम्याचे बाँड, मुदत ठेवींच्या पावत्या, पोस्टाची पासबुकं, कागदी शेअर. "ही कंपनी तर बुडाली" असं परस्पर ठरवू नका. कंपन्या एकमेकांत विलीन होतात, नावं बदलतात. सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर आयईपीएफ या सरकारी निधीकडे जातात, पण वारसांना ते मागता येतात. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. त्या शोधायला रिझर्व्ह बँकेचं "उद्गम" हे पोर्टल आहे. सापडलेल्या पासबुकावरचं नाव तिथे टाकून बघा.

पूर्वजांचे. हे बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्ममृत्यूच्या नोंदीची नक्कल, जातीची नोंद असलेला कोणताही जुना कागद. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही सीमा १९५० सालची आहे. आज पिवळा पडून तुकडे होणारा तो दाखला उद्या नातवाच्या प्रवेशाला लागेल. घडी उलगडताना जोर लावू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर करूच नका. आधी फोटो, मग प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये.

मोडीतले. वाचता येत नाही म्हणून मोडी कागद रद्दीत जातात. मोडी जाणणाऱ्याला एकदा दाखवा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाकडे विचारणा करता येते. बहुतेक वेळा देणंघेणं किंवा शेतीचा हिशोब निघतो. कधी कधी मात्र कुणबी नोंद निघते.

आता उलट बाजू. आधार-पॅनच्या झेरॉक्स, बँकेची स्टेटमेंटं, सह्या केलेले कोरे चेक रद्दीत घालू नका. आमच्या चौकात एकदा शेंगदाण्याची पुडी घेतली, तर ती कुणाच्या तरी पगाराच्या स्लिपेची होती. बेसिक, डीए सगळं स्वच्छ. असे कागद बादलीत रात्रभर भिजवून लगदा करा. यंत्र असेल तर बारीक कापा.

तपासा: रद्दी बांधण्यापूर्वी प्रत्येक पुस्तक पाठीला धरून हलवा. आमच्याकडे एका पाकशास्त्राच्या वहीतून सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट पडलं होतं.

६. धातू आणि भंगार

भंगारवाला येण्याआधी धातू वेगळे केले नाहीत तर सगळं लोखंडाच्या भावात जातं. मी स्वतः एक तांब्याचा बंब असा घालवला. वरून काजळी इतकी होती की तो लोखंडी वाटला. नखाएवढा कोपरा चिंचेनं घासून बघायला अर्धा मिनिट लागला असता.

लोहचुंबक लावा. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम याला चुंबक चिकटत नाही. पितळेसारखं दिसतं पण चुंबक धरतं, तर आत लोखंड आणि वर मुलामा. स्टीलमध्ये दोन्ही प्रकार असतात, त्यामुळे तिथे चुंबकावर विसंबू नका.

प्रत्येक धातूचं पोतं वेगळं, आपल्या काट्यावर तोललेलं आणि वजन वर लिहिलेलं. निदान दोघांना त्याच दिवशीचा भाव विचारा. भाव दर आठवड्याला हलतो, त्यामुळे मागच्या वर्षी शेजाऱ्यांना मिळालेल्या भावावर वाद घालण्यात अर्थ नाही. चांगल्या स्थितीतली तांब्या-पितळेची भांडी भंगारात घालण्याऐवजी भांड्यांच्या दुकानात मोडीत घाला. तिथे नव्या भांड्याच्या बदल्यात हिशोब बहुधा बरा लागतो. घंगाळ, समई, पानाचा डबा असं काही असेल तर आधी नातेवाइकांच्या गटावर फोटो टाका.

सावध: तांबं काढायला वायरी जाळू नका. प्लॅस्टिकच्या आवरणाचा धूर विषारी असतो.

गॅस सिलिंडर भंगारात देता येत नाही. तो कंपनीच्या मालकीचा असतो. जोडणीची पावती सापडली तर वितरकाकडे परत केल्यावर अनामत मिळते. पावती नसली तरी आधी वितरकालाच विचारा.

७. विजेच्या वस्तू, बॅटऱ्या, ट्यूबा

जुना जाडा टीव्ही भंगारवाल्याला "फुकट ने" म्हणून देऊ नका. तो तांब्याची गुंडाळी काढून घेतो आणि शिसं असलेली काच नाल्यात जाते. ई-कचऱ्याच्या केंद्रालाच द्या. उचलताना काच छातीकडे धरा, कारण वजन सगळं त्याच बाजूला असतं.

कॉम्प्युटरमधून हार्ड डिस्क आधी काढा. फाइल डिलीट केल्यानं माहिती जात नाही. डिस्कला ड्रिलनं आरपार दोन भोकं पाडा आणि मग द्या. जुन्या मोबाइलमधलं सिम आणि मेमरी कार्ड काढा, बॅटरी फुगली आहे का ते बघा. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही. धातूच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवून केंद्रावर न्या.

इन्व्हर्टरची बॅटरी पन्नास-साठ किलोपर्यंत भरते आणि आत ॲसिड असतं. दोघांनी उचला, आडवी करू नका. नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वळते करतो, आणि २०२२ च्या नियमांनुसार जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे.

ट्यूब आणि सीएफएलमध्ये पारा असतो. फुटली तर खिडक्या उघडून पंधरा मिनिटं बाहेर जा. मग जाड पुठ्ठ्यानं तुकडे गोळा करा, बारीक भुगा चिकटपट्टीनं उचला, बरणीत बंद करा. झाडू नको, व्हॅक्यूम नको.

जुना फ्रिज अंगणात ठेवला असेल तर दाराला दोर बांधा किंवा दारच काढून टाका. लपाछपी खेळणारं पोर आत शिरलं तर त्याला आतून उघडता येत नाही.

८. रंग, ॲसिड, कीटकनाशकं

थोडाच उरलेला पाण्याचा रंग डब्याचं झाकण उघडून, वाळू किंवा भुसा मिसळून सुकवा आणि मग द्या. ऑइल पेंट, थिनर, ॲसिड, वाळवीचं औषध मोरीत ओतायचं नाही. मूळ बाटलीतच ठेवा, लेबल नसेल तर मार्करनं "विष" लिहा आणि महापालिकेच्या घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्या. कोल्ड्रिंकच्या बाटलीत ॲसिड भरून ठेवण्याची आपल्याकडे फार वाईट सवय आहे. अशी एकही बाटली हुंगून बघू नका.

जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. तोडू-कापू नका. पाणी मारून, अख्खेच हलवा.

९. स्कूटर

वडिलांची चेतक उभी आहे. भंगारवाला दोन हजार देतो म्हणतो. थांबा.

नोंदणी रद्द झाल्याशिवाय गाडी कागदोपत्री तुमचीच आहे. उद्या तिच्या नंबरपाटीवर काही घडलं तर पोलीस तुमच्या दारात येतील. आधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, शोधा (याच गॅरेजात असेल), सरकारच्या ई-चलन पोर्टलवर थकलेले दंड बघा, आणि गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राला द्या. तिथून गाडी जमा केल्याचं ठेव-प्रमाणपत्र मिळतं. त्याच्या आधारे आरटीओत नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा. मालक हयात नसेल तर मृत्युदाखला आणि वारसांची कागदपत्रं लागतात. गाडी गॅरेजातून हलण्याआधी ती जमवा.

पेट्रोल काढताना जवळ मोबाइल, विडी, दिवा काही नको.

१०. देवांचे फोटो आणि मूर्ती

सगळं आवरून होतं आणि शेवटी कोपऱ्यात तडा गेलेल्या काचेतले लक्ष्मी-विष्णू उरतात. कुणीच हात लावत नाही. मग रात्री गुपचूप पिंपळाच्या पारावर किंवा नदीच्या पुलावर. तिथे ते कुत्र्यांच्या पायाखाली येतात.

फोटो नमस्कार करून उघडा: काच भंगारात, लाकडी चौकट लाकडात, खिळे लोखंडात. कागद पाण्यात भिजवून, लगदा करून झाडाच्या मुळाशी मातीत. शाडूची मूर्ती घरच्या बादलीत विरघळते. प्लास्टरच्या मूर्तीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं काढलेली पद्धत आहे: मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट, मूर्ती बुडेल इतकं पाणी, अधूनमधून ढवळायचं. लहान मूर्तीला साधारण दोन दिवस लागतात. वास उग्र येतो, म्हणून हे अंगणातच करा. घरातल्या मोठ्यांना हवं असेल तर गुरुजींना आधी उत्तरपूजा सांगायला बोलवा.

११. रिकाम्या गॅरेजात

आता परत मांडायची घाई होते. एक रात्र मोकळं ठेवा. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. आधी तिचा बंदोबस्त करा. ठेवायच्या लाकडावर बोटानं टकटक करा. पोकळ वाजलं तर ते घरात नेऊ नका. दाराखालची फट पत्र्याची पट्टी लावून बुजवा. अंगठ्याएवढ्या भोकातून उंदीर येतोच.

मग आधी मोटार आत घ्या. तिची चारही दारं उघडून जमिनीवर खडूनं रेघ मारा. रेघेच्या आत काहीही ठेवायचं नाही. उरलेल्या जागेत भिंतीला लोखंडी मांडण्या, जमिनीपासून वीतभर वर. पुठ्ठ्याची खोकी नकोत, त्यांना ओल आणि वाळवी लागते. झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे घ्या आणि प्रत्येकावर आत काय आहे ते दोन बाजूंनी लिहा. दिवाळीचा कंदील, छत्र्या, पाहुण्यांची गादी हातापाशी. शिडी आडवी, भिंतीवर. पेट्रोल, रंग, फटाके इथे नाहीत.

"द्यायचं" ढिगातलं जे चोवीस तासांत उचललं गेलं नाही, ते त्याच दिवशी टेम्पोत घालून स्वतः पोचवा. ढीग दाराशी आठवडाभर राहिला की घरातलं कुणीतरी त्यातून एकेक वस्तू परत आत नेतं. आमच्याकडे तो मीच होतो.